ग्रंथालयातल्या सार्वजनिक संगणकांसाठी स्वतःचा ब्राउझर: इलेक्ट्रॉन, क्यूटी की नुसत्या पॉलिसी?

वाचनकक्ष

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक ग्रंथालयात १० संगणक लावायचे आहेत. ८ खुल्या इंटरनेटसाठी, २ फक्त ग्रंथसूची शोधायला (कोहा या ग्रंथालय-प्रणालीचा ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन सूची). सगळ्यांवर डेबियन १२, ४ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी. प्रिंटर एकच, नेटवर्कवरचा.

गरज अशी: एक वाचक उठून दुसरा बसला की आधीच्याचं काहीही मागे उरता कामा नये. सत्र ४५ मिनिटांचं. पेनड्राइव्हवरून कागदपत्र अपलोड करता यावं, पीडीएफ उतरवता यावी, प्रिंट काढता यावी. आणि ब्राउझर सोडून कुणाला बाकी सिस्टिममध्ये शिरता येऊ नये.

इलेक्ट्रॉनमध्ये (क्रोमियमच्या इंजिनावर डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट) एक नमुना तयार आहे, पण तीन गोष्टींवर अडलंय:

१. गूगल खात्यात लॉगिन करताना ‘हा ब्राउझर किंवा ॲप सुरक्षित नसावं’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते.
२. परवानगी असलेल्या साइट्सची यादी लावल्यापासून ओपॅकमधली पुस्तकांची मुखपृष्ठं दिसत नाहीत.
३. नव्या टॅबमध्ये उघडणारी लिंक दाबली की वेगळीच खिडकी उघडते आणि तिला आमचे कुठलेच नियम लागू होत नाहीत.

क्यूटी वेबइंजिनवर (ॲपमध्ये बसवायचं दुसरं ब्राउझर इंजिन) जावं का? की क्रोमियमच (क्रोम ज्यावर बेतलंय तो मुक्त ब्राउझर) सोर्समधून कंपाइल करून त्यातली नको ती बटणं काढून टाकावीत?

---

कळफलक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. क्रोमियम कंपाइल करायला १०० जीबी मोकळी डिस्क आणि शक्यतो १६ जीबीहून जास्त रॅम असलेलं यंत्र हवं. तेवढं जमेलही. खरी अडचण नंतरची आहे. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात आणि दर वेळी तुमचे बदल नव्या सोर्सवर पुन्हा बसवावे लागतात. हे काम करणारा माणूस महिनाभर रजेवर गेला की ग्रंथालयात भोकं पडलेला ब्राउझर चालू राहतो. तो नाद सोडा.

मुद्दा १ वर इलेक्ट्रॉनमध्ये धड उपाय नाही. दुसऱ्या ॲपमध्ये बसवलेल्या ब्राउझर इंजिनातून होणारं लॉगिन गूगल २०२१ पासून अडवतं. मधला कार्यक्रम पासवर्ड टिपू शकतो, हे त्याचं कारण. क्यूटी वेबइंजिनवर गेलात तरी तेच होईल. यूजर-एजंट (ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो तो मजकूर) बदलून काही दिवस काम चालतं आणि एका सकाळी आठही संगणकांवर एकदम बंद पडतं. सार्वजनिक संगणकावर येणारे निम्मे लोक मेल बघायलाच येतात, तेव्हा इथेच निर्णय होतो.

म्हणून खुल्या इंटरनेटच्या ८ संगणकांवर डेबियनच्या भांडारातलं साधं क्रोमियम ठेवा. ते सिस्टिमबरोबर अपडेट होत राहतं. ‘स्वतःचं’ जे काही करायचं ते ब्राउझरच्या बाहेर करा: पॉलिसीची (ब्राउझरवर सक्तीने लादलेल्या सेटिंग्जची) एक फाइल आणि सत्र सांभाळणारी एक स्क्रिप्ट.

पॉलिसीची जेसन फाइल /इटीसी/क्रोमियम/पॉलिसीज/मॅनेज्ड या फोल्डरमध्ये जाते (इथे नावं देवनागरीत देतोय, फाइलमध्ये रोमनमध्येच लिहायची). मालकी रूटची (प्रशासकाच्या खात्याची), वाचकाच्या खात्याला फक्त वाचायची परवानगी. किमान एवढं हवंच:

– ब्राउझर-साइनइन ०, पासवर्ड-मॅनेजर-एनेबल्ड फॉल्स, पत्ता आणि कार्ड दोन्हींचं ऑटोफिल फॉल्स.
– डेव्हलपर-टूल्स-अव्हेलेबिलिटी २, म्हणजे पूर्ण बंद.
– एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-ब्लॉकलिस्टमध्ये नुसती एक फुली (*).
– यूआरएल-ब्लॉकलिस्टमध्ये फाइल आणि जावास्क्रिप्ट या दोन स्कीम (पत्त्याचा सुरुवातीचा भाग), शिवाय लोकलहोस्टचं ६३१ हे पोर्ट. तिथे प्रिंटरचं पान उघडतं.

फाइल स्कीम अडवली की उतरवलेली पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत नाही, कारण तिचा पत्ताही फाइलनेच सुरू होतो. म्हणून यूआरएल-अलाउलिस्टमध्ये फक्त डाउनलोड फोल्डरचा पूर्ण मार्ग द्या. दोन्ही याद्यांत बसणाऱ्या पत्त्यावर अलाउलिस्टचं चालतं. ‘क्रोम’ने सुरू होणारी सगळी आतली पानं सरसकट अडवू नका. त्याने ब्राउझर भलत्याच ठिकाणी अडखळतो. सेटिंग्ज आणि फ्लॅग्ज ही दोन नावानिशी अडवली की पुरे.

फाइल टाकल्यावर ॲड्रेसबारमध्ये क्रोम-पॉलिसी हे पान उघडून प्रत्येक ओळीसमोर ‘ओके’ आहे का ते बघा. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेलं एक वाकडं अवतरणचिन्ह पुरतं, अख्खी फाइल बाद होते. आणि पडद्यावर एरर येत नाही. ब्राउझर आपला मोकळाढाकळा सुरू होतो.

आता स्क्रिप्ट. ओपनबॉक्स किंवा तसाच हलका विंडो मॅनेजर घ्या, ऑटोलॉगिन लावा आणि पुढचं चक्र फिरवत ठेवा:

अ) एमकेटेम्प या कमांडने टीएमपीएफएसवर (रॅममधल्या तात्पुरत्या फाइलसिस्टिमवर) नवा रिकामा फोल्डर तयार करा.
आ) यूजर-डेटा-डिर (प्रोफाइलचा फोल्डर) म्हणून तोच देऊन क्रोमियम सुरू करा. सोबत नो-फर्स्ट-रन आणि पासवर्ड-स्टोअर बेसिक. दुसरा नसेल तर कीरिंग (सिस्टिमची पासवर्डपेटी) पासवर्ड मागत बसण्याची शक्यता असते.
इ) हे सगळं टाइमआउट या कमांडच्या पोटात: मुदत ४५ मिनिटं, त्यानंतर १० सेकंदांनी सक्तीने किल.
ई) ब्राउझर बंद झाला, कसाही, की त्या खात्याच्या उरलेल्या प्रोसेस मारा, फोल्डर पुसा, डाउनलोड रिकामं करा आणि पुन्हा अ.

दर वेळी नवा फोल्डर देण्याला कारण आहे. त्याच प्रोफाइलवर एखादी प्रोसेस जिवंत राहिली तर नवं क्रोमियम तिलाच ‘खिडकी उघड’ असं सांगून लगेच बंद होतं. स्क्रिप्टला वाटतं सत्र संपलं आणि चक्र गरागरा फिरायला लागतं.

इन्कॉग्निटोवर विसंबू नका. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद होईपर्यंत कुकीज तशाच राहतात, आणि उठून जाणारा वाचक शेवटची खिडकी बंद करेलच असं नाही.

टीएमपीएफएसला मर्यादा घाला, समजा ५१२ एमबी. मर्यादा दिली नाही तर ती आपोआप रॅमच्या निम्मी धरली जाते. ४ जीबीच्या यंत्रावर कुणी मोठा व्हिडिओ उतरवायला घेतला की बाकीचे टॅब मरायला लागतात. आणि स्नॅप या पॅकेज-पद्धतीतलं क्रोमियम टाळा. स्नॅपला स्वतःची वेगळी टेम्प असते. तुम्ही एक फोल्डर पुसत राहता आणि डेटा दुसरीकडे साठत राहतो.

---

पांढरी_यादी

वरच्याशी सहमत. पण ओपॅकच्या २ संगणकांवर इलेक्ट्रॉन ठेवायला हरकत नाही. तिथे लॉगिन गूगलचं नाही, साइट एकच आहे आणि मोठी बटणं, ‘पुन्हा सुरुवातीला’ वगैरे आपल्या मनासारखं करता येतं. तुमच्या २ आणि ३ बद्दल.

मुखपृष्ठं गायब होतात याचा अर्थ यादी वेबरिक्वेस्टच्या ऑन-बिफोर-रिक्वेस्टमध्ये (प्रत्येक विनंती बाहेर जाण्याआधी चालणाऱ्या भागात) तपासली जातेय. तिथे पानाबरोबर प्रत्येक चित्र, फॉन्ट आणि स्क्रिप्टही येते. कोहात मुखपृष्ठं बहुधा ओपन लायब्ररी किंवा गूगल बुक्स अशा बाहेरच्या डोमेनवरून घेतलेली असतात. तीही अडतात. डिटेल्समधला रिसोर्स-टाइप बघा आणि मेन-फ्रेम (मुख्य पान) असेल तेव्हाच यादी लावा.

वाचक कुठे जातोय हे अडवायला विल-नॅव्हिगेट हा इव्हेंट आहे, पण तो एकटा पुरत नाही. सर्व्हरने रीडायरेक्ट केलं तर विल-रीडायरेक्ट येतो, आयफ्रेमसाठी विल-फ्रेम-नॅव्हिगेट. तिन्हींना एकच फंक्शन जोडा. त्या फंक्शनमध्ये पत्ता अमुक अक्षरांनी सुरू होतो का, अशी तुलना करू नका. ओपॅकच्या पत्त्यापुढे टिंब देऊन कुणी स्वतःचं डोमेन जोडलं की ती तुलना खरी ठरते. यूआरएल ऑब्जेक्ट बनवा, त्यातलं होस्टनेम काढा आणि तंतोतंत जुळवा.

मुद्दा ३: तुम्ही नियम मुख्य खिडकीच्या वेबकंटेंट्सला (खिडकीतलं पान चालवणाऱ्या घटकाला) लावलेत, नवीन खिडकीचे वेबकंटेंट्स वेगळे. ॲपच्या वेब-कंटेंट्स-क्रिएटेड या इव्हेंटमध्ये नियम बांधा, मग जन्माला येणाऱ्या प्रत्येकाला ते लागतील. तिथेच सेट-विंडो-ओपन-हँडलरमधून ‘डिनाय’ परत करा आणि पत्ता यादीत असेल तर आहे त्याच खिडकीत उघडा. मेनू नल केला की मेनूबार जातो आणि त्याबरोबर डेव्हटूल्सचा शॉर्टकटही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बघाच: सेट-परमिशन-रिक्वेस्ट-हँडलर लिहिला नसेल तर इलेक्ट्रॉन कॅमेरा, माइक, लोकेशन, सगळ्याला आपणहून होकार देतं. एका ओळीत सगळं नाकारा. नोड-इंटिग्रेशन (पानाला सिस्टिमपर्यंत पोचवणारी सोय) बंद, कॉन्टेक्स्ट-आयसोलेशन आणि सँडबॉक्स (पानाला वेगळं कोंडून ठेवणाऱ्या सोयी) चालू. नव्या आवृत्त्यांत हे आपोआप असतं, जुन्या उदाहरणांतून उचललेल्या कोडमध्ये मात्र उलटं लिहिलेलं सापडतं.

सत्र पुसताना क्लिअर-स्टोरेज-डेटा, क्लिअर-कॅश आणि क्लिअर-ऑथ-कॅश ही तीन वेगळी कामं आहेत. तिसरं हमखास राहतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे पार्टिशनच्या (सत्राचा डेटा ठेवायच्या कप्प्याच्या) नावाआधी ‘पर्सिस्ट’ लावायचं नाही, म्हणजे सगळं मेमरीतच राहतं. सत्र संपलं की अख्खं ॲपच बंद करा आणि सिस्टिमडीला (सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट ऑलवेज सांगून परत उठवा.

देखभालीचं गणितही धरा. इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती दर ८ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीनच सांभाळल्या जातात. म्हणजे साधारण सहा महिने हात लावला नाही तर तुमचं इंजिन बेवारस.

---

वाचनकक्ष

दोघांचे आभार. मुखपृष्ठं आली, खिडकीचंही जमलं. ८ संगणकांवर क्रोमियम लावून बघतोय. प्रश्न: कियोस्क फ्लॅग (ब्राउझर पडदाभर चालवायचा पर्याय) लावल्यावर टॅब आणि ॲड्रेसबार दोन्ही जातात. लिंक नव्या टॅबमध्ये उघडली की मागे यायला वाटच नाही. आणि हात न लावता ५ मिनिटं गेली तर सत्र संपवायचं आहे, ते कसं? पेनड्राइव्ह आणि प्रिंटबद्दलही कुणी सांगितलं तर बरं.

---

कळफलक

खुल्या इंटरनेटला कियोस्क फ्लॅग लावूच नका. तो जाहिरातीच्या पडद्यासाठी किंवा एकाच पानाच्या यंत्रासाठी ठीक. इथे स्टार्ट-मॅक्सिमाइज्ड द्या आणि ओपनबॉक्समध्ये खिडकीची चौकट काढून टाका. टॅब राहू देत, मागे जायचं बटण राहू दे. वाचकाने शेवटचा टॅब बंद केला की ब्राउझर बंद, चक्र पुढे, सगळं पुसलं. बंद करणं हेच ‘सत्र संपवा’ बटण. वेगळं बटण बनवायची गरज पडत नाही.

निष्क्रियतेसाठी एक्सप्रिंटआयडल ही कमांड. तो आकडा मिलिसेकंदांत देतो, ५ मिनिटं म्हणजे ३०००००. तो फक्त कीबोर्ड-माउस बघतो, त्यामुळे शांतपणे व्याख्यान ऐकणारा वाचकही त्याच्या लेखी निष्क्रिय. म्हणून थेट मारू नका. आधी झेनिटीची (स्क्रिप्टमधून संदेश दाखवायचं साधन) खिडकी दाखवा: ‘६० सेकंदांत सत्र संपेल’ आणि खाली ‘मी इथेच आहे’. ४५ मिनिटांच्या मुदतीचा इशाराही ५ मिनिटं आधी द्या. अर्धा भरलेला फॉर्म न सांगता पुसला गेला तर भांडण काउंटरवरच्या माणसाशी होतं.

क्लिपबोर्ड: एक्समध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी प्रणाली) कॉपी केलेला मजकूर त्या ॲपकडेच असतो, ॲप मेलं की मजकूरही जातो. मात्र क्लिपबोर्ड मॅनेजर चालू असेल तर तो सांभाळून ठेवतो आणि पुढच्या वाचकाला पेस्टमध्ये मिळतो. डेस्कटॉपबरोबर असा काही आला असेल तर काढून टाका.

---

तळटीप

प्रिंटबद्दल. ब्राउझर कितीही घासूनपुसून घ्या, कप्स (लिनक्सची छपाई-प्रणाली) मागे कागद ठेवतो. छापून झालेली फाइल मूळ सेटिंगनुसार एक दिवस (८६४०० सेकंद) स्पूल (छपाईच्या रांगेच्या) फोल्डरमध्ये राहते. म्हणजे कुणाचं ओळखपत्र, कुणाचा पगाराचा कागद. कप्सच्या मुख्य फाइलमध्ये प्रिझर्व्ह-जॉब-फाइल्स नो करा. प्रिझर्व्ह-जॉब-हिस्टरी मात्र चालू ठेवा, कारण पानांचा कोटा त्यावरूनच मोजला जातो.

कोटा एलपीॲडमिन या कमांडने लागतो: जॉब-कोटा-पीरियड सेकंदांत आणि जॉब-पेज-लिमिट, दोन्ही एकत्र. इथे एक मेख आहे. कोटा वापरकर्त्याच्या नावावर असतो. आठही संगणकांवर ‘वाचक’ हेच खातं असेल तर सगळ्यांचा मिळून एकच कोटा होतो आणि दुपारपर्यंत प्रिंटर कुणालाच दाद देत नाही. प्रत्येक संगणकाचं खातं वेगळं ठेवा: वाचक०१, वाचक०२. रांगेत अडकलेली प्रिंट कुणाची हेही मग काउंटरवरून कळतं. हा कोटा यंत्राचा झाला, माणसाचा नाही. माणशी मोजायचं असेल तर सभासद क्रमांकाने लॉगिन लागेल, तो वेगळा धागा होईल.

सत्र संपताना त्या खात्याची न छापलेली कामं कॅन्सल कमांडने रद्द करा. नाहीतर कागद संपलेल्या प्रिंटरमध्ये कागद भरल्यावर भलत्याच माणसासमोर आधीच्याचे कागद बाहेर पडतात. कियोस्क-प्रिंटिंग हा फ्लॅग मोहात पाडतो, पण तो प्रिव्ह्यू न दाखवता थेट छापतो. लांबलचक पान आणि एक चुकीची क्लिक, एवढ्यात ट्रे रिकामा.

पेनड्राइव्ह: नोएक्झेक, नोसूइड, नोडेव्ह हे तीन पर्याय देऊन माउंट करा (म्हणजे त्यावरचे प्रोग्राम चालत नाहीत). लोक काढताना ‘इजेक्ट’ करत नाहीत, हे गृहीतच धरा. फॅट फाइलसिस्टिमला ‘फ्लश’ हा पर्याय दिला की लिहिलेलं लवकर डिस्कवर उतरतं. तो नसेल तर घरी जाऊन उघडल्यावर शून्य बाइटची फाइल. फाइल निवडायची खिडकी पूर्ण बंद करणारी पॉलिसी आहे, पण ती लावली तर अपलोडही बंद, म्हणजे नोकरीचा अर्ज भरायला आलेल्याची वाट बंद. त्यापेक्षा वाचकाच्या खात्याला दिसण्यासारखं काही ठेवूच नका.

---

खिडकीबाहेर

थोडा वेगळा सूर. ४ जीबीवर फायरफॉक्स ईएसआरचाही (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) विचार करा. डेबियनमध्ये तोच मुख्य ब्राउझर आहे, मोठे बदल वर्षातून साधारण एकदा आणि मधे फक्त सुरक्षा दुरुस्त्या, त्यामुळे लावलेल्या पॉलिसी मध्येच बिघडत नाहीत. /इटीसी/फायरफॉक्स/पॉलिसीज मधल्या पॉलिसीज-जेसनमध्ये ब्लॉक-अबाउट-कॉन्फिग, डिसेबल-डेव्हलपर-टूल्स, डिसेबल-फॉर्म-हिस्टरी, ऑफर-टू-सेव्ह-लॉगिन्स फॉल्स आणि डिसेबल-फायरफॉक्स-अकाउंट्स. ओपॅकसाठी वेबसाइट-फिल्टर: ब्लॉकमध्ये सगळं, एक्सेप्शन्समध्ये फक्त आपला सर्व्हर. तपासायला अबाउट-पॉलिसीज. कळफलक यांचं चक्र तसंच्या तसं वापरता येतं, फक्त यूजर-डेटा-डिरच्या जागी प्रोफाइल हा पर्याय.

दुसरं कारण डीआरएमचं (व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप). ग्रंथालयाने उसन्या व्हिडिओची सेवा घेतली असेल तर ते कुलूप उघडणारा वाइडवाइन हा घटक लागतो. फायरफॉक्स तो स्वतः उतरवून घेतो. डेबियनच्या क्रोमियममध्ये आणि साध्या इलेक्ट्रॉनमध्ये तो नसतो. मात्र प्रोफाइल दर वेळी नवं असेल तर प्रत्येक सत्रात तो पुन्हा उतरतो. म्हणून एक तयार प्रोफाइल रूटच्या मालकीने ठेवा आणि दर सत्राला त्याची प्रत करा.

ग्रंथालयाचं फिल्टरिंग डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) असेल तर दोन्ही ब्राउझरमध्ये डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (ब्राउझर हा शोध परस्पर बाहेर करतो ती सोय) पॉलिसीने बंद करा, नाहीतर फिल्टर नुसतं नावाला उरतं.

---

कळफलक

फायरफॉक्सला विरोध नाही. प्रोफाइलची प्रत करायची युक्ती क्रोमियमलाही लागू पडते, बुकमार्क आधीच भरून ठेवायचे असतील तर.

संगणक लोकांच्या हाती देण्याआधी एकदा स्वतः पळून जायचा प्रयत्न करा. क्रम असा ठेवा: कंट्रोल-ओ आणि कंट्रोल-एस, दिसणाऱ्या खिडकीत वरच्या फोल्डरमध्ये जाऊन बघा. कंट्रोल-यू. कंट्रोल-शिफ्ट-आय. प्रिंटच्या खिडकीतून सिस्टिम डायलॉग, तिथे ‘फाइलमध्ये छापा’. मेलटू लिंक, तिने दुसरं ॲप उघडतंय का. कंट्रोल-ऑल्ट-एफ२: इथे लॉगिनचा काळा पडदा आला तर एक्सऑर्गच्या सर्व्हरफ्लॅग्जमध्ये डोन्ट-व्हीटी-स्विच आणि डोन्ट-झॅप ट्रू करा. सिस्आरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ) कर्नलच्या सेटिंगमध्ये शून्य. ओपनबॉक्सच्या आरसी-एक्सएमएलमधले सगळे कीबाइंड आणि उजव्या क्लिकचा मेनू काढा. टर्मिनल बऱ्याचदा तिथूनच उघडतं. मग पेनड्राइव्ह लावून यंत्र रीस्टार्ट करा. त्यावरून बूट झालं तर बायोसमध्ये ती वाट बंद केलेली नाही, आणि मग वरचं सगळं व्यर्थ.

ब्राउझर रूटने चालवू नका. रूटने क्रोमियम सुरूच होत नाही, मग कुणीतरी नो-सँडबॉक्स लावून मोकळं होतं, आणि एका वाईट पानाला अख्खं यंत्र मिळतं.

---

पांढरी_यादी

एक राहिलं. क्रोमियमच्या यादीत नुसतं डोमेन लिहिलं तर त्याची सगळी सबडोमेन आत येतात. डोमेनच्या आधी टिंब दिलं तर उलट, फक्त तेवढाच होस्ट. बहुतेक जण टिंबाचा अर्थ नेमका उलटा घेतात आणि मग ‘यादी चालत नाही’ म्हणून धागा काढतात. दोन्ही ब्राउझरमध्ये यादीला १००० नोंदींची मर्यादा आहे, त्यामुळे नको त्या साइट्स एकेक करून अडवायचं काम ब्राउझरवर टाकू नका. ते नेटवर्कवर.

---

वाचनकक्ष

क्रोमियमच पक्कं केलं. एका संगणकावर मात्र सकाळी सगळ्याच साइट्सना सर्टिफिकेट एरर येते, बाकी सातांवर नाही. पॉलिसीमुळे असेल का?

---

तळटीप

पॉलिसीमुळे नव्हे. त्या संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल (सीआर२०३२) संपला की रात्री प्लग काढल्यावर घड्याळ मागे जातं, आणि आजचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ब्राउझरला वाटतं. सेल बदला. टाइमसिंकडी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे का तेही बघा आणि स्क्रिप्टमध्ये घड्याळ जुळेपर्यंत ब्राउझर सुरू करू नका. एरर ओलांडून पुढे जायची मुभा देणारी एसएसएल-एरर-ओव्हरराइड-अलाउड ही पॉलिसी फॉल्सच ठेवा. सार्वजनिक यंत्रावर लोक तिथे डोळे झाकून ‘पुढे’ दाबतात.